स्वयंपाकघरातली विहीर

आमच्या स्वयंपाकघरात साडेतीनशे वर्षांपूर्वीची विहीर आहे. शेगडीपासून दीड हात डावीकडे, पिठाचे डबे ठेवतो नेमकी तिथे. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. मी गंमत करत नाही. सरकारचा वारसा नकाशा उघडा, आमची इमारत शोधा, दोन बोटांनी मोठी करा, निळा ठिपका दिसेल. त्याच्यावर बोट ठेवले की अक्षरे येतात : पायऱ्यांची दगडी विहीर. संरक्षित. स्थिती चांगली. पाणी जिवंत. खाली नोंदवणाऱ्याचे नाव म्हणून माझ्या बायकोचे नाव आहे. एवढ्या मजकुरात जिवंत असे फक्त पाणीच आहे, आणि तेही दुसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरींच्या छतातून गळते. पण ते पुढे येईल.

मी एकतीस वर्षे पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचले. घरोघरी जायचे, झाकण उचलायचे, आतली पाल जाईपर्यंत थांबायचे, आकडा वाचायचा आणि वहीत पेन्सिलीने लिहायचा. ही कच्ची नोंद. मग घरी यायचे, हात धुवायचे, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचे आणि पेनने पक्की नोंद करायची. उभ्या उभ्या पक्की नोंद करणाऱ्यांबद्दल मला कधी आदर वाटला नाही. एकतीस वर्षांत माझा एकही आकडा चुकला नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात तसे सांगितलेही. फक्त सांगताना माझे नाव चुकवले. हे सगळे लिहिण्याचे कारण एवढेच, की पुढे जे झाले ते निष्काळजीपणाने झाले नाही. नीटनेटकेपणाने झाले.

विहीर खरी हिच्या माहेरच्या गावची. बसने दीड तास. गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला, दगडी पायऱ्या सरळ खाली पाण्यात उतरतात. हिने त्या विहिरीची एक वही केली होती. कोणत्या दगडावर कोणत्या कारागिराची खूण आहे, कोणत्या म्हातारीने काय सांगितले, पाणी भरायला बायका कोणत्या वाटेने यायच्या, सगळे. मला त्यातले बरेचसे पटायचे. एक सोडून. वहीच्या पहिल्याच पानावर लिहिले होते : पायऱ्या एक्केचाळीस.

पायऱ्या चाळीस होत्या. मी मोजल्या होत्या, एकदा नव्हे, चौतीस वर्षांत निदान वीस वेळा. पाणी अगदी खाली गेले की चाळिसावी पाण्यातून दिसायची आणि तिच्याखाली गाळ. पण ही म्हणायची, "मी नऊ वर्षांची असताना विहीर आटली होती. मी एक्केचाळिसाव्या पायरीवर उभी राहिले होते. तिच्यावर मासा कोरलाय."

"आणखी कोणी पाहिला?"

"मी पाहिलाय, ते पुरे नाही का?"

"नोंदीला पुरत नाही," मी म्हणायचो. आणि तिच्या आकड्याशेजारी पेन्सिलीने '४०?' असे लिहून ठेवले होते. प्रश्नचिन्ह हा माझा मोठेपणा. आमच्या संसारात न मिटलेला वाद हा एवढाच. बाकीचे सगळे वाद तिने मिटवले, म्हणजे सोडून दिले.

मग सरकारने वारसा नकाशा काढला. गावोगावच्या जुन्या वास्तू लोकांनीच फोनवरून नकाशात नोंदवायच्या. नोंद झाली की वास्तू मोडता येणार नाही, बघायला माणसे येतील, त्यांच्यासाठी रस्ते होतील, गावात चार दुकाने निघतील, असा बेत होता. ही नोंद करायची म्हणून तयारीला लागली आणि आजारी पडली. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिने दोनच गोष्टी सांगितल्या. एक, गॅसचा मागचा बर्नर तिरका लागतो. दुसरी, "अहो, त्या नकाशाचं बघा. मुदत संपेल." मी म्हणालो, बघतो. नोंदणीची मुदत नंतर दोनदा वाढली. तिची वाढली नाही.

ती गेल्यावर पाच महिन्यांनी मी नकाशाचे काम हातात घेतले. ही बातमी इमारतीत कशी पसरली कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी समोरचे हेडमास्तर हजर. निवृत्त झाल्यापासून ते सूचनांवर जगतात. "फोटो दक्षिणेकडून काढा," ते म्हणाले. का, ते सांगितले नाही. सेक्रेटरी जिन्यात म्हणाले, "काका, बरं झालं. मन गुंतेल." माणूस मेल्यावर मागे राहिलेल्याचे मन गुंतवण्याची लोकांना भारी घाई असते. पहिल्या महिन्यात मला तिघांनी कुंडीतली झाडे आणून दिली. तिन्ही मेली. आता मी ती कोणाला दाखवत नाही.

मी बसने गावी गेलो. मेहुणा बरोबर आला. हिचा धाकटा भाऊ, विहिरीला लागूनच त्याची जमीन आहे. मी टेप लावला, फोटो काढले (दक्षिणेकडून), आणि सगळी मापे वहीत पेन्सिलीने लिहिली.

मेहुणा म्हणाला, "दाजी, फोन हातात आहे तर इथेच भरून टाका ना."

"ही कच्ची नोंद आहे. पक्की घरी बसून करायची असते."

"तुमचं काम तुम्हाला ठाऊक," तो म्हणाला. त्याच्या बहिणीचीही हीच सवय होती, हरल्यासारखे दाखवून बरोबर असायचे.

घरी आलो. हात धुतले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकेक रकाना भरला. लांबी, रुंदी, दगड, वय. पायऱ्यांचा रकाना आला. वहीत तिचे एक्केचाळीस, माझे चाळीस. मी क्षणभर थांबलो, हे नमूद करतो. मग चाळीस लिहिले. सरकारी कागद होता. शेवटी फोनने आपणहून दाखवले, 'स्थळ घेतले आहे', आणि हिरवी खूण केली. मला यंत्राचे कौतुक वाटले. म्हटले, फोटोवरूनच ओळखले बघा. नोंदवणाऱ्याच्या जागी हिचे नाव घातले आणि बटण दाबले.

नोंद पक्की व्हायला आसपासच्या तीन माणसांनी आपापल्या फोनवर 'ही वास्तू इथे आहे' असे म्हणावे लागते. मला वाटले, गावातली माणसे सवडीने म्हणतील. पण अर्ध्या तासात तीन होकार आले. मी चकित झालो. गाव इतके जागरूक असेल असे तिच्या माहेराबद्दल मला कधी वाटले नव्हते.

संध्याकाळी जिन्यात उलगडा झाला.

हेडमास्तर म्हणाले, "वहिनींचं नाव दिसलं फोनवर. लगेच हो म्हटलं."

सेक्रेटरी म्हणाले, "मीही. आणि तळमजल्यावरच्या ताईंनाही सांगितलं. वहिनींसाठी एवढं तर करायलाच हवं."

"पण तुम्हाला कसं आलं विचारायला?"

"परिसरातल्या लोकांना येतं म्हणे."

वर जाऊन लेकीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात असते.

"बाबा, बटण दाबताना फोन जिथे असतो तिथलाच ठिपका पडतो."

"मला कोणी सांगितलं नाही."

"स्क्रीनवर लिहिलं असेल ना. स्थळ घेतले आहे."

"ते मी वाचलं. मला वाटलं, विहिरीचं."

"बरं. जेवलात का?" तिने विचारले. तिच्या आईचीही वाद सोडून देण्याची पद्धत हीच होती, आणि मला दोन्ही वेळा तेवढाच राग आला.

सकाळी वारसा नकाशा विभागात गेलो. नकाशाचे काम एक बाई बघत. बोलायला चांगल्या, ऐकायला शांत, आणि उपयोगाला काडीच्याही नाहीत.

"काका, ही नोंद आता संरक्षित झाली आहे."

"चुकीच्या जागी झाली आहे. ती उचलून गावात ठेवा."

बाई खऱ्याखुऱ्या धक्क्याने माझ्याकडे बघू लागल्या. "संरक्षित वास्तू जागेवरून हलवता येत नाही. त्यासाठीच तर कायदा आहे."

"मग गावात नवीन नोंद करतो."

त्यांनी करून पाहिली. यंत्राने लाल अक्षरांत नाकारली. हीच वास्तू आधीच दुसरीकडे आहे. "एकच विहीर दोन ठिकाणी कशी असेल, काका?"

"ती दोन ठिकाणी नाहीच. एकाच ठिकाणी आहे. तुमच्या नकाशाला तेवढं एकच ठिकाण माहीत नाही."

"दुरुस्तीचा अर्ज करा. पंचेचाळीस दिवस लागतात. कामाचे."

अर्ज केला. पक्का, पेनने, तिथेच बाकावर बसून. दरम्यान इमारतीला पत्र आले, की संरक्षित वास्तूपासून पन्नास मीटरपर्यंत खोदणे, पाडणे, रंगवणे, नळ बदलणे यांस मनाई आहे. गेले सहा महिने माझ्या मोरीचा पाइप सेक्रेटरींच्या छतातून गळत होता आणि तो बदलायला माणूस त्याच आठवड्यात येणार होता. त्याला परत पाठवावे लागले.

सेक्रेटरी पत्र घेऊन वर आले. "काका, तुमची विहीर माझ्या पातेल्यात गळते आहे."

"वहिनींसाठी एवढं करायलाच हवं, असं तुम्हीच म्हणाला होतात."

हे मी बोलायला नको होते. पण वाक्य तयार होते आणि तेही समोर होते.

पाठोपाठ पाहणीचा अधिकारी आला. मी त्याला स्वच्छ सांगितले, की विहीर इथे नाही. तो म्हणाला, नकाशात इथे आहे. त्याने मी नोंदीला जोडलेला विहिरीचा फोटो फोनवर उघडला, पिठाच्या डब्यांसमोर धरला, एकदा फोटोकडे पाहिले, एकदा डब्यांकडे.

"बरंच बदललंय," तो म्हणाला.

"हे स्वयंपाकघर आहे!"

"अतिक्रमण झालेलं दिसतंय. कधीपासून राहता?"

मी काही बोलायच्या आत सेक्रेटरी त्याला हाताला धरून खाली घेऊन गेले. गळती दाखवली तर पाइपाची परवानगी मिळेल अशी त्या बिचाऱ्यांची समजूत. अधिकाऱ्याने छताला बोट लावून पाहिले. "हे पाणी बारा महिने येतं?"

"बाराही महिने!" सेक्रेटरी तळतळून म्हणाले. "उन्हाळ्यातसुद्धा खंड नाही!"

अधिकाऱ्याने लिहिले, पाणी जिवंत. महिन्याभरात फाटकावर तपकिरी पाटी लागली. प्राचीन विहिरीकडे, आणि वर जाणारा बाण. एक टोपीवाले जोडपे तीन जिने चढून आलेसुद्धा. मी त्यांना चहा दिला आणि हिची वही दाखवली. बाई वही वाचत राहिल्या, साहेब डब्यांमागे डोकावत राहिले. जाताना म्हणाले, "पाटी जरा दिशाभूल करते." मी म्हणालो, हो. ही गेल्यापासून त्या वहीबद्दल दुसऱ्या माणसाशी इतका वेळ बोललो, ते तेवढेच.

अर्जाचा एकतिसावा दिवस होता तेव्हा मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, रस्त्याची माणसं आली आहेत. आखणी विहिरीवरून जाते आहे. म्हणतात, नकाशात इथे काही नाही."

"कसला रस्ता?"

"पलीकडच्या गावचा जुना पूल नकाशावर आलाय ना. तो बघायला माणसं येणार. त्यांच्यासाठी."

म्हणजे वारसा बघायला जाणारा रस्ता होता तो. पूल नोंदवणारा कोण होता माहीत नाही. पण त्याने उभ्या उभ्या नोंद केली असणार.

मी तसाच विभागात गेलो. नकाशाबाईंनी अर्ज शोधला. अर्ज होता, व्यवस्थित होता, निकालाला अजून चौदा दिवस होते. "रस्त्याच्या खात्याला फोन करा," मी म्हणालो. त्यांनी माझ्यासमोर केला. पलीकडून विचारणा झाली, नकाशात आहे का? बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तशी नोंद नाही." खोटे बोलल्या नाहीत. मलाही एवढे दिवस हेच हवे होते, की कोणी खोटे बोलू नये.

दुसऱ्या सकाळी पहिल्या बसने गावी गेलो. खिशात वही. विहिरीच्या काठावर दोन यंत्रे उभी होती आणि पंपाने पाणी उपसले जात होते. मेहुणा दूर बांधावर बसला होता. माझ्याकडे आला नाही.

मुकादम वयस्कर होता. मी त्याला वही दाखवली, हात धरून काठापर्यंत नेले. "ही काय दिसते?"

"विहीर," तो म्हणाला.

"मग?"

"काका, मला दिसते हो. मला दिसून उपयोग नाही." त्याने हातातली पाटीएवढी स्क्रीन पुढे केली. तिच्यावर पांढरी जागा होती आणि पांढऱ्या जागेतून सरळ रेघ. "ह्याच्यात दाखवा. आत्ता वळवतो रस्ता."

मी फोन काढला. त्याला नकाशात विहीर दाखवली. त्याने ठिपका मोठा केला, आमची इमारत बघितली, फाटकावरच्या तपकिरी पाटीचा फोटो बघितला. हसला नाही. तेवढी सभ्यता त्याच्याकडे होती.

"पाणी संपत आलंय," तो म्हणाला. "खाली जाऊन यायचं असेल तर या. दहा मिनिटं थांबवतो. सांभाळून."

फोन मी मेहुण्याच्या शेजारी बांधावर ठेवला. मला तो जवळ नको होता. मेहुणा फोनकडे बघत म्हणाला, "ताई असती तर इथेच भरलं असतं, दाजी."

मी उतरू लागलो. मोजत. सवय. दहा, वीस, तीस. तीसनंतर पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या, हात भिंतीला. एकोणचाळीस. चाळीस. चाळिसाव्यावर उभा राहिलो. पंपाने गाळही ओढला होता. खाली आणखी एक पायरी होती.

उतरलो. पायाने चिखल बाजूला केला. मासा होता. फार चांगला कोरलेला नव्हता, डोळा अंगापेक्षा मोठा झाला होता. नऊ वर्षांच्या मुलीची दोन पावले त्याच्यावर बरोबर मावतील एवढा.

फोटो काढायला फोन नव्हता. मी वही काढली. पहिले पान. तिचे एक्केचाळीस, शेजारी माझे '४०?'. ओल्या अंगठ्याने पेन्सिल पुसली. नीट पुसली गेली नाही, कागद थोडा फाटला. मग तिच्या आकड्याखाली पेनने सही केली. उभ्या उभ्या.

वरून मुकादमाने हाक मारली. चढताना पायऱ्या मोजल्या नाहीत. मी वर आल्यावर विहिरीत दगडमातीचा पहिला ढिगारा पडला. तो किती खोल पडला ते आवाजावरून कळले. मेहुणा उठून घरी गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही, आणि त्यात त्याची काही चूक आहे असे मला वाटत नाही.

पंचेचाळिसाव्या दिवशी नकाशाबाईंचा फोन आला. आवाजात आनंद होता. "काका, दुरुस्ती मंजूर! येऊन सही करा."

गेलो. त्यांनी कागद पुढे केला. "सही झाली की अधिकारी नव्या जागी पाहणीला जाईल. वास्तू असेल तर ठिपका तिकडे नेऊ."

"नसेल तर?"

"नसेल तर नोंद रद्द. सगळी." त्यांनी स्क्रीनवर बोट फिरवले. "फोटो, मापं, नाव, सगळं जातं."

बाहेर बाकावर बसलो. हिच्या नावाखालची नोंद नकाशात जिथे होती तिथे विहीर नव्हती, आणि जिथे विहीर होती तिथे आता रस्ता होता. एकतीस वर्षे खोटा आकडा न लिहिलेल्या माणसाने काय करायचे ते उघड होते. मी परत आत गेलो.

"बाई, ह्या अर्जात एकच दुरुस्ती करता येते ना?"

"एकच. जागेची."

"जागेची राहू द्या." मी अर्जावरची जागेची ओळ खोडली आणि खाली लिहिले : पायऱ्या चाळीस नव्हेत, एक्केचाळीस.

बाईंनी वाचले. "पुरावा काय जोडताय?"

"मी पाहिलीय."

"तेवढं नोंदीला..." त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून थांबल्या. मग शिक्का उचलला, शाईवर दाबला आणि मारला. त्या दिवशी त्या बाई उपयोगाला आल्या.

आता नकाशात एक्केचाळीस आहे. फाटकावरची पाटी आहे. हेडमास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला विहिरीची माहिती देतात, त्यातली निम्मी त्यांची स्वतःची असते. सेक्रेटरींनी पातेल्याच्या जागी बादली ठेवली आहे. पाइप माझ्या मोरीचा, आणि नकाशातले 'पाणी जिवंत' त्याच्याच जिवावर; तो बदलायची परवानगी मागणारा अर्ज माझ्या सहीशिवाय पुढे जात नाही. ते दर रविवारी तो घेऊन वर येतात. मी त्यांना चहा देतो, पिठाच्या डब्यांपाशी खुर्ची देतो, अर्ज वाचतो, आणि सांगतो, बघतो.